मदत हवी आहे : शिकागो आणि मेक्सिकोच्या प्रवासात पोट आणि झोप कशी सांभाळावी?

विदर्भवासिनी :

नमस्कार. सप्टेंबरच्या मध्यात मी आणि माझे पती नागपूरहून दोहामार्गे शिकागोला मुलीकडे जाणार आहोत आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात परतणार आहोत. माझे वय ६३ आहे, त्यांचे ६८. मुलीला याच मुक्कामात आम्हाला आठ दिवसांसाठी मेक्सिको सिटी आणि ओआहाका दाखवायचे आहे. तिच्या रजेच्या सोयीने तिने आम्ही पोचल्यानंतरच्या चौथ्या दिवशी निघायचे ठरवले आहे, आणि माझी खरी काळजी इथूनच सुरू होते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शिकागोला गेलो होतो, तेव्हा पहिले तीन दिवस दोघांनाही रात्री दोन वाजता कडकडून भूक लागत असे आणि दुपारी जेवणाच्या ताटावर डोळे मिटत असत. पोट जड होते, शौचाच्या वेळा पार विस्कटल्या होत्या. त्यामुळे तिसऱ्या दिवशी यांना जुलाब सुरू झाले, तेव्हा आम्ही तेही प्रवासाच्या शिणवट्याच्या खात्यावर टाकले. यांनी नेमाने सगळ्या गोळ्या घेतल्या, रक्तदाबाचीसुद्धा, आणि त्या रात्री न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. रुग्णालयात सलाइन लावावे लागले. शरीरातले पाणी कमी झालेले असताना लघवी वाढवणारे औषध चालू ठेवल्याने मूत्रपिंडांवर ताण आला, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. हाड मोडले नाही, हे दैव. पण जुलाब संसर्गाचे आहेत की घड्याळ उलटल्याचे, हे आम्ही ओळखू शकलो नाही आणि त्यात दीड दिवस गेला, याची बोच मला अजून आहे.

यांची रोजची औषधे अशी आहेत : मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, रात्री दहा वाजता ग्लार्जिन इन्सुलिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, कमी मात्रेचे ॲस्पिरिन, आणि सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल. सप्टेंबरात शिकागो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, म्हणजे इथले रात्रीचे दहा तिथले सकाळचे साडेअकरा होतात. मग इन्सुलिन केव्हा द्यायचे?

नातेवाइकांना विचारले, तर सगळे एकच सांगतात की आपण तर्री पोहे आणि सावजी पचवणारी माणसे, आपल्याला बाहेरचे पाणी काय करणार? ते मायेने बोलतात हे मला कळते, परंतु दोन वर्षांपूर्वीची ती रात्र मी पाहिली आहे आणि अशा धीरावर मला यांना घेऊन निघता येत नाही.

परतीबद्दलही विचारायचे आहे. मागच्या वेळी नागपुरात आल्यावर पहाटे चारला जाग येत असे, म्हणून आम्ही सकाळच्या उन्हाने शरीर लवकर रुळेल या समजुतीने उजाडताच फुटाळा तलावावर फिरायला जाऊ लागलो. प्रत्यक्षात झोप जागेवर यायला दोन आठवडे लागले. आमचे काही चुकत होते का?

आमच्या डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जायचे आहे. त्यांना नेमके काय विचारावे, हे आधी समजून घेण्यासाठी हा धागा काढला आहे. ज्यांनी वयस्कर आईवडिलांना असे नेले आहे किंवा ज्यांचा वैद्यकाशी संबंध आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अजनीकर :

ताई, मी निवृत्त फिजिशियन आहे. यजमानांना मी तपासलेले नाही, त्यामुळे खालील मजकूर तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवण्यासाठी आहे, परस्पर अमलात आणण्यासाठी नव्हे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. जुलाब किंवा उलट्या होत असतील आणि खाणेपिणे नीट जात नसेल, तर यांच्या यादीतली तीन औषधे सहसा तात्पुरती थांबवली जातात : मेटफॉर्मिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि ती रक्तदाबाची जोडगोळी. त्यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिन विशेष लक्षात ठेवा, कारण उपासमार आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की साखर फारशी न वाढताही रक्तात घातक प्रमाणात आम्ल साठू शकते. अशा वेळी ग्लुकोमीटरवरचा चांगला आकडा फसवा ठरतो. खाणेपिणे पूर्ववत होऊन एक-दोन दिवस गेले की औषधे पुन्हा सुरू करतात. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कधीही बंद करायचे नाही. तुमच्या डॉक्टरांकडून हे सगळे औषधांच्या मूळ नावांसह एका कागदावर लिहून घ्या. दोन वर्षांपूर्वी हा कागद तुमच्या हाती असता, तर बहुधा ती रात्र टळली असती.

पॅन्टोप्राझोलचा उल्लेख तुम्ही केलात ते बरे झाले. जठरातले आम्ल ही जंतूंविरुद्धची पहिली भिंत असते आणि ही गोळी ती भिंत खाली आणते, म्हणून रोज ती घेणाऱ्यांना पोटाचे संसर्ग अधिक सहज होतात. परंतु या वयात ॲस्पिरिन चालू असताना तीच गोळी जठराला रक्तस्रावापासून जपत असते, त्यामुळे ती सोडू नका. खाण्यातली सावधगिरी वाढवा. अमेरिकेत दुकानात सहज मिळणारे गुलाबी रंगाचे पेप्टो-बिस्मॉल यांना देऊ नका. त्यातले बिस्मथ सबसॅलिसिलेट प्रवासातल्या जुलाबांना काही प्रमाणात आवर घालते हे खरे आहे, पण ते ॲस्पिरिनच्याच कुळातले आहे.

नातेवाइकांच्या म्हणण्याबद्दल. प्रवासातल्या जुलाबांमागे बहुतेक वेळा जिवाणू असतात, त्यांत ई. कोलायचा विष तयार करणारा एक प्रकार बराच आढळतो. लहानपणापासून इथल्या जंतूंशी गाठ पडल्याने आपल्याला काही प्रतिकारशक्ती येते, पण दुसऱ्या देशातल्या वाणांविरुद्ध ती पुरेलच असे नाही, आणि मधुमेह असलेल्या ६८ वर्षांच्या माणसाने तिच्या भरवशावर राहू नये. तिखट पचवण्याचा आणि जंतू पचवण्याचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. टायफॉइडची लस घेतलेली नसेल, तर ती निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी.

जुलाब सुरू झालेच, तर पहिल्या पातळ शौचापासून ओआरएस द्या. मधुमेही घरांमध्ये साखरेच्या भीतीने ओआरएस टाळले जाते, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. ते ग्लुकोज चवीसाठी घातलेले नसून त्याच्यासोबतच आतड्यातून सोडियम आणि पाणी आत ओढले जाते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ असताना आणि सलाइन संपत आले असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच द्रावणाने असंख्य जीव वाचवले. पाकिटे इथूनच घेऊन जा आणि सूत्र वाचून घ्या, कारण ओआरएससारखी दिसणारी गोड पेये वेगळी असतात. आपल्याकडे २०२५ च्या ऑक्टोबरात अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई करावी लागली, यावरून गोंधळ किती मोठा होता हे कळेल.

जुलाब थांबवणारे लोपेरामाइड ताप नसेल आणि शौचात रक्त नसेल तरच द्यावे. ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक डॉक्टरांनी चिठ्ठीसह दिले तर सोबत ठेवा, मात्र ते तापासाठी, रक्तासाठी किंवा अंथरुणाला खिळवणाऱ्या जुलाबांसाठी राखून ठेवा. पोट थोडे बिघडले की घरातली कुठलीतरी प्रतिजैविकाची गोळी घ्यायची, ही आपल्याकडची सवय कृपया सोबत नेऊ नका.

आता झोप. आपल्या मेंदूतले घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालते, म्हणून पश्चिमेकडे जाताना ते दिवसाला साधारण दीड तास सरकते आणि पूर्वेकडे येताना जेमतेम एक तास. साडेदहा तासांना भागले, तर तिकडे एक आठवडा आणि परतल्यावर दहा-बारा दिवस होतात. उजेड या घड्याळाला कुठे ढकलेल, हे तो केव्हा मिळतो यावर ठरते. शरीराचे तापमान पहाटे चारच्या सुमारास सर्वांत खाली असते. त्याआधीचा उजेड घड्याळ मागे लोटतो आणि त्यानंतरचा पुढे ओढतो. तुमची नागपूरची पहाट चार म्हणजे शिकागोची संध्याकाळ साडेपाच. तेव्हा तिथे पहिल्या दिवशी दुपारपासून साडेपाचपर्यंत उघड्यावर राहा, नंतर गॉगल लावा आणि घरात मंद दिवे ठेवा. पुढे रोज ही वेळ तास-दीड तासाने उशिरा न्या. निघण्यापूर्वी तीन दिवस रोज तासभर उशिरा झोपलात, तर तेवढेच काम इथेच होईल.

परतल्यावर शिकागोची पहाट चार म्हणजे नागपूरची दुपार अडीच. याचा अर्थ फुटाळ्यावरचे सकाळचे ऊन तुमच्या घड्याळाला दर दिवशी उलट्या बाजूला ढकलत होते. पहिले तीन-चार दिवस सकाळी पडदे ओढून घरात राहा आणि दुपारी तीननंतर बाहेर पडा. मग ही वेळ रोज तासभर अलीकडे आणा.

ग्लार्जिन रोज एकाच वेळी घ्यायचे असते, पण ती वेळ रात्रीचीच असली पाहिजे असे नाही. त्यामुळे सहा आठवडे ते तिथल्या सकाळी साडेअकरालाच घेतले, तर वेळ मुळी बदलावीच लागणार नाही. हा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारा. इन्सुलिन सामानाच्या पेटीत टाकू नका, ते तिथे गोठू शकते. हातातल्या पिशवीत ठेवा.

पुएब्लावासी :

काकू, नमस्कार. मी मूळचा वर्ध्याचा असून गेली चार वर्षे मेक्सिकोत पुएब्ला इथे वाहन उद्योगात नोकरी करतो. माझ्या आईबाबांना मी इथे दोनदा आणले आहे.

इथली माणसे स्वतःसुद्धा नळाचे पाणी पीत नाहीत. घरोघरी पाण्याचे मोठे कॅन येतात, त्यांना गार्राफोन म्हणतात. दात घासायलाही बाटलीतले पाणी घ्या. ‘सिन इएलो’ म्हणजे बर्फाशिवाय, हे दोन शब्द तेवढे पाठ करून या. तव्यावरून थेट ताटात येणारी गरम तोर्तिया आणि वाफाळणारे राजम्यासारखे बीन्स माझ्या बाबांना कधी बाधले नाहीत. बाधली ती टेबलावर उघडी ठेवलेली कच्च्या कांदा-कोथिंबिरीची चटणी आणि बाजारात काचेच्या मोठ्या बरणीतून देतात ते फळांचे पाणी. ती बरणी उन्हात फार मोहक दिसते, म्हणून मुद्दाम सांगतो. फळे सालीची घेऊन स्वतः सोला. हात साबणानेच धुवा, कारण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही.

औषधांच्या दुकानात ‘सुएरो ओराल’ मागितले की ओआरएस मिळते. प्रतिजैविके मात्र २०१० पासून चिठ्ठीशिवाय देत नाहीत. बऱ्याच दुकानांना लागूनच डॉक्टरांची खोली असते.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथे पहिल्या एक-दोन रात्री तरुणांचीही झोप मोडते आणि डोके दुखते. जेट लॅग उतरलेला नसताना त्यात उंचीची भर घातली, तर काकांना नेमके कशामुळे बरे वाटत नाही, हे तुम्हाला मागच्या वेळेसारखेच पुन्हा ओळखता येणार नाही. चौथा दिवस फार लवकर आहे. ताईला तिकिटे पुढे ढकलायला सांगा.

विदर्भवासिनी :

आपणा दोघांची मी मनापासून ऋणी आहे. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण तेवढ्यात डॉक्टरांची भेट झाली आणि मुलीशी दोनदा बोलणे झाले.

डॉक्टरांनी आजारपणातल्या औषधांचा कागद लिहून दिला. त्याची एक प्रत यांच्या पाकिटात आहे, दुसरी माझ्या पर्समध्ये आणि तिसरी मुलीकडे पाठवली आहे. ग्लार्जिन सकाळी साडेअकराला घेण्यास त्यांनी संमती दिली आणि मेक्सिको सिटीचे घड्याळ तेव्हा शिकागोपेक्षा एक तास मागे असेल, म्हणून तिथे साडेदहाला द्यावे, हेही लिहून दिले. टायफॉइडची लस आम्ही दोघांनी परवा घेतली. विमानातल्या दिवसाचे साखर मोजण्याचे वेळापत्रक त्यांनी वेगळे आखून दिले आहे.

मुलीला आधी वाईट वाटले, कारण रजा बदलून घेणे तिला सोपे नव्हते. मी तिला एवढेच म्हटले की, बाबांना काही झाले तर ते पोटामुळे आहे की झोपेमुळे, हे मला या वेळी लगेच कळायला हवे. तिने तिकिटे सोळाव्या दिवसावर नेली आहेत.

एक शंका उरली आहे. आमचे विमान नागपूरहून पहाटे सुटते आणि एकूण प्रवास एकवीस-बावीस तासांचा आहे. दोहाहून पुढच्या लांबच्या विमानात दोन जेवणे मिळतात. ती आल्या वेळी घ्यावीत, की शिकागोच्या घड्याळाप्रमाणे एक टाळून घरचे काही सोबत न्यावे? इन्सुलिनवर असलेल्या कुणी हा प्रवास केला असेल, तर त्यांनी नेमके काय केले ते कृपया सांगावे.