शब्दचर्चा : झडप, फळी, बोगी, कूपे

जुन्या रेल्वेडब्याच्या आतल्या वस्तूंची नावं जमवते आहे. खिडकीला खाली-वर सरकणाऱ्या दोन चौकटी असत, एक काचेची, दुसरी आडव्या पट्ट्यांची. खालच्या खिट्ट्या चिमटीत दाबून वर उचलायची. नीट अडकली नाही तर थेट बोटांवर. आमच्या घरी तिला 'झडप' म्हणत. तुमच्याकडे? आणि 'बाक' लाकडीच असतं, की रेक्झिनच्या गादीलाही बाक म्हणायचं?

—

ताई, आमच्याकडेही झडपच. मनमाड-दौंड मार्गावर वाफेचं इंजिन होतं तेव्हा कोळशाची कणी डोळ्यात जायची, म्हणून आजी सारखी म्हणायची, "झडप पाड रे." 'शटर' नंतर आलं. वातानुकूलित डब्यात काच पक्की बसवलेली, तिथे पाडायला काही उरलंच नाही. शब्द टिकवायलाच हवा, कारण 'शटर' म्हटलं की आता दुकान आठवतं.

बाकाचं म्हणाल तर ते लाकडीच. तिसरा वर्ग 1974 साली बंद झाला, पण पाटी बदलली तरी दुसऱ्या वर्गात लाकडी पट्ट्या तशाच राहिल्या. मधु दंडवते 1977 साली रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या पट्ट्यांवर दोन इंच फोम आणला. सामान्य प्रवाशाच्या पाठीचा एवढा विचार त्याआधी कुणी केला नव्हता, असं माझं मत आहे. गादी आल्यावर लोक 'सीट', 'बर्थ' म्हणू लागले. पण "वरची फळी मिळाली" असं माझे वडील फोमवर झोपूनही म्हणत.

—

दादा, 'बोगी' राहिली. मूळ इंग्रजीत बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची वळणारी चौकट. अशा दोन चौकटींवर बसवलेला लांब डबा तो बोगीचा डबा, आणि आपल्याकडे 'डबा' गळून नुसती बोगी उरली. कारखान्यातले लोक आजही बोगी म्हणजे चाकांचीच चौकट धरतात. लिहिताना मी 'डबा'च लिहितो.

'कूपे' फ्रेंचमधला, अर्थ 'कापलेला'. पूर्वी डब्याच्या टोकाला अर्धाच कप्पा उरायचा, एकाच बाजूला आसनं असलेला, त्यावरून हे नाव. आपल्याकडे पहिल्या वर्गातल्या दोन बर्थच्या खोलीला कूपे म्हणतात, चार बर्थच्या खोलीला केबिन. काहीजण दोन्हींना कूपेच म्हणतात, ते टाळावं.

—

दोघांचे आभार. 'कप्पा' शब्द फार आवडला, कंपार्टमेंटला तोच घेते. 'बर्थ' मात्र आमच्याकडे दोन्ही लिंगांत चालतो, आई म्हणते "बर्थ मिळाली", बाबा म्हणतात "बर्थ मिळाला". यादीत पुल्लिंगी लिहू का?

—

पुल्लिंगीच लिहा, आणि कंसात 'बोलीत स्त्रीलिंगीही' अशी नोंद ठेवा. फळीमुळे तो स्त्रीलिंगी झाला असावा.