गच्चीवरील मेम्ब्रेनचा पांढरा थर काळवंडला आहे: धुवावा की पुन्हा रंगवावा?

सचिव_नागपूर (प्रश्न)

नमस्कार. नागपुरातील आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर २०२२ च्या एप्रिलअखेरीस ४ मिमी जाडीचे एपीपी बिटुमेन मेम्ब्रेन (गळती रोखणारी, प्लास्टिक मिसळलेल्या डांबराची चादर) टॉर्चने, म्हणजे गॅसच्या ज्योतीने वितळवून, चिकटवून घेतले आणि पावसाळा तोंडावर असल्यामुळे आठवडाभरातच त्यावर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या ॲक्रिलिक कोटिंगचे दोन हात दिले. गळती थांबली, ती आजतागायत थांबलेलीच आहे. त्या मे महिन्यात भर दुपारीही गच्चीवर अनवाणी चालता येत होते.

आता मात्र रंग एकसारखा राहिलेला नाही. मोकळ्या भागावर राखाडी झाक आली आहे; टाकीखाली आणि जेथे पाणी दोन-तीन दिवस साचून राहते तेथे काळे डाग आहेत; मेम्ब्रेनच्या सांध्यांवर तर चहा सांडल्यासारखे तपकिरी पट्टे उमटले आहेत. ठेकेदार म्हणतात की दर दोन वर्षांनी एक हात द्यावाच लागतो, आणि सभासद विचारतात की पाणी गळत नसताना रंगावर पैसे का घालावेत. एका सभासदाने ॲसिड टाकून गच्ची घासून घेण्याचा प्रस्ताव मांडला आहे, तो मी सध्या अडवून धरला आहे. नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रंगशाळा

आपण तीन वेगवेगळे रंग सांगितले आहेत, आणि त्या तिन्हींची कारणेही वेगळी आहेत. कोटिंगमधील टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरेपणा देणारी पूड, चांगल्या प्रतीचा, म्हणजे रुटाइल जातीचा असेल, तर तो इतक्या लवकर निकामी होत नाही. त्याच्यावर काहीतरी बसलेले असते किंवा खालून काहीतरी वर आलेले असते. म्हणून आधी परीक्षा करावी. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने हातभर जागा पुसावी. फडके मळले आणि खालचा भाग उजळला, तर ती धूळ आणि काजळी आहे. काळ्या डागावर बाजारात मिळणारे ४ ते ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट (द्रवरूप ब्लीच) दहापट पाण्यात मिसळून शिंपडावे. काही मिनिटांत डाग फिका पडला, तर ते शेवाळ किंवा बुरशी आहे. दोन्ही उपायांना न जुमानणारा तपकिरी पट्टा हा बहुधा बिटुमेनमधून वर आलेल्या तेलाचा असतो.

मेम्ब्रेनबरोबर ताणले जावे म्हणून या कोटिंगमधील ॲक्रिलिक मुद्दाम मऊ ठेवलेले असते. उन्हात ते आणखी मऊ होते आणि धूळ त्यात रुतते, त्यामुळे नुसत्या पावसाने ती पूर्ण निघत नाही. मात्र धुळीमुळे ऊन परतवण्यात होणारी घट वर्षानुवर्षे त्याच गतीने चालू राहत नाही. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतील सारा ब्रेट्झ आणि हाशेम अकबरी यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परावर्तन (पडणाऱ्या उन्हापैकी परतवलेला वाटा) मुख्यतः पहिल्याच वर्षी घटलेले दिसले, आणि धुतल्यावर ते मूळच्या ९० ते १०० टक्क्यांपर्यंत परत आले. थर शाबूत असेल, तर दर दोन वर्षांनी हात देण्याच्या नियमाला मला तरी आधार दिसत नाही.

डोळ्यांवर फार विसंबू नये, हेही सांगावेसे वाटते. सूर्यप्रकाशातील जवळपास निम्मी ऊर्जा आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात असते. तांबूस मातीने मळलेला थर दिसायला वाईट दिसला तरी तो त्या भागातील बरीच ऊर्जा परतवतो. काजळी मात्र सगळेच गिळते. आपली गच्ची वाहत्या रस्त्याला लागून असेल, तर धुण्याचा लाभ अधिक. कॅलिफोर्नियाच्या इमारत-ऊर्जा नियमांत अनिवासी इमारतींच्या सपाट छपरांसाठी थराचा नवेपणाचा आकडा न धरता तीन वर्षे उघड्यावर राहिल्यानंतरचे परावर्तन धरतात आणि ते किमान ०.६३, म्हणजे ६३ टक्के, अपेक्षित असते. नव्या पांढऱ्या कोटिंगचे ते साधारण ०.८ च्या आसपास असते. यावरून थोडी राखाडी झाक गृहीतच धरलेली असते, हे सभासदांना दाखवता येईल.

तपकिरी पट्ट्यांचे मूळ घाईत आहे. ताज्या मेम्ब्रेनमधील हलकी तेले उष्णतेने वर सरकतात, आणि टॉर्च मारताना सांध्यांतून वितळलेले बिटुमेन बाहेर येते, म्हणून तेथे डाग जास्त. मेम्ब्रेन महिनाभर तरी उघडे ठेवून मग रंगवायला हवे होते. त्या पट्ट्यांवर साध्या कोटिंगचा तिसरा हात दिला, तर डाग त्यातूनही वर येईल. तेथे आधी डाग अडवणारा प्रायमरच हवा.

ॲसिडचा प्रस्ताव अडवलात, हे उत्तम केलेत. कोटिंगमध्ये भर म्हणून बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असते, ते ॲसिडने विरघळते. त्यातच हायपोक्लोराइट मिसळले गेले, तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

पांढरी_फरशी

मला या सगळ्या खटाटोपापेक्षा जुने चायना मोझॅक बरे वाटते. आमच्या इमारतीवर पांढऱ्या चकाकत्या टाइल्सचे तुकडे वीसहून अधिक वर्षे बसलेले आहेत, वर्षातून एकदा झाडू आणि पाणी मारले की गच्ची पुन्हा लखलखते. चकाकीच्या पृष्ठभागावर धूळ रुततच नाही.

रंगशाळा

मुद्दा मान्य आहे, त्या चकाकीशी कोणतेही ॲक्रिलिक स्पर्धा करू शकत नाही. परंतु चांगल्या स्थितीतील मेम्ब्रेनवर आता सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर आणि टाइल्स टाकल्या, तर स्लॅबवर मोठे वजन येईल आणि पुढे गळती झाल्यास ती शोधण्यासाठी सगळे फोडावे लागेल. नव्या इमारतीसाठी मी आपल्याच बाजूने मत दिले असते.

सचिव_नागपूर

रविवारी तिन्ही परीक्षा केल्या. राखाडी भाग फडक्याने इतका उजळला की त्या चौकोनाकडे पाहून सभासद आपणहून बादल्या घेऊन वर आले. काळे डाग पाच-सात मिनिटांत फिके पडले. सांध्यांवरचे पट्टे जसेच्या तसे राहिले. दुपारी एका सभासदाच्या इन्फ्रारेड थर्मामीटरने धुतलेला आणि न धुतलेला भाग तपासला, तेव्हा धुतलेला भाग स्पष्टपणे थंड निघाला. थर कुठे पोपडे धरून सुटलेला नाही, मात्र साचलेल्या पाण्याच्या जागी तो बोटाने दाबल्यास किंचित मऊ लागतो. दोन शंका राहतात: धुण्याची योग्य वेळ कोणती, आणि साचणाऱ्या जागी सिलिकोन कोटिंग करावे काय?

रंगशाळा

ॲक्रिलिक साचलेल्या पाण्यात फुगते, म्हणून तो मऊपणा आला आहे. सिलिकोन पाण्याला दाद देत नाही, हे खरे. पण ते धूळ ॲक्रिलिकपेक्षाही जास्त धरते आणि एकदा लावले की त्यावर सिलिकोनशिवाय दुसरे काही चिकटत नाही. म्हणजे एका खड्ड्यासाठी पुढची सगळी दुरुस्ती त्याच मालाला बांधली जाते. माझ्या मते आधी टाकीचे ओव्हरफ्लो पाइप थेट निचऱ्याच्या तोंडापर्यंत न्यावे, जाळीतला पालापाचोळा काढावा आणि तरीही पाणी थांबले, तर मेम्ब्रेनशी जुळणाऱ्या मालाने तेवढाच खळगा भरून उतार द्यावा. मऊ झालेला थर पूर्ण वाळल्यावर खरवडून तेथे नवे दोन हात पुरेत.

दिवाळीच्या साफसफाईत गच्ची धुण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्यानंतर हिवाळाभर पुन्हा धूळ बसते. ऊन परतवण्याची गरज मार्च ते जूनमध्ये असते, तेव्हा रंगपंचमी उरकल्यावर धुणे सोयीचे. तसाही त्या दिवशी गच्चीवर रंग सांडलेला असतोच. लांब दांड्याचा मऊ ब्रश आणि सौम्य साबण वापरावा. जोरदार फवाऱ्याने सांधे उचलले जातात. शेवाळासाठीचा हायपोक्लोराइटचा हात मात्र पावसाळा संपल्यावर वेगळा द्यावा. पावसाचे पाणी बोअरवेलमध्ये सोडले असेल, तर दोन्ही वेळा त्या पाइपचा व्हॉल्व्ह आधी बंद करावा.

सचिव_नागपूर

आभारी आहे. व्हॉल्व्हचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता, रविवारचे साबणाचे पाणी बहुधा बोअरमध्येच गेले. ठेकेदारांकडून आता पूर्ण गच्चीऐवजी सांध्यांसाठी प्रायमर आणि दोन खळग्यांची दुरुस्ती, एवढ्याचेच दरपत्रक मागवले आहे.