रे मीकरची भाजलेली घरं
कुणीतरी म्हटलंय की स्टुडिओ पॉटरीवाले (छोट्या कार्यशाळेत हातानं मातीची भांडी घडवणारे) म्हणजे नुसते महागडे कप विकणारे, पण भाऊ, ‘रे मीकर’ या सिरॅमिक कलाकाराचं काम बघा ना, अमेरिकेतून आलेला हा माणूस १९७१ मध्ये डेबोरा स्मिथसोबत पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, कितीतरी जणांना शिकवलं आणि वर कच्च्या विटांचं अख्खं घर बांधून तेच पेटवून भाजलं! म्हणजे घर हीच भट्टी, आत विटा-भांडी पण भाजायची. आमच्या जळगावकडे वीटभट्टी रचतात, भाजली की मोडून विकतात, इथं मोडायचंच नाही. जळण मात्र फार लागत असणार, त्यामुळे स्वस्त घर म्हणून मला शंकाच आहे. पण डोकं लावलंय राव, आणि आपल्या वीटभट्टीवाल्यांना हे दाखवलं तर ते सगळ्यात आधी कोळशाचा भावच विचारतील.