परदेशातला गाईंचा उत्सव: उभं कुठं राहावं, फोटो कसे घ्यावे?

प्रश्न (आर्वीकर)
सप्टेंबरअखेर स्वित्झर्लंडला जाणं आहे. फ्रिबूर्ग भागातल्या शार्मे गावी डोंगरावरच्या कुरणातून गाई फुलांनी सजवून खाली आणतात, त्याला देझाल्प म्हणतात. त्याचे फोटो घ्यायचे आहेत. पोळ्याचे काढतो, पण तिथला अंदाज नाही. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ मिमी (जवळचं, रुंद घेणारी) आणि ५५-२५० मिमी (दुरचं ओढणारी) लेन्स. काय जमवू?

उत्तर (आखरावरचा)
भाऊ, मुख्य फरक हा की आपल्याकडे तोरणाखाली बैल रांगेत उभे असतात, एकेकापाशी जाता येतं. तिथं कळप चालत येतो नि मिनिटभरात निघून जातो. त्यामुळं जागा आधी धरा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहिलं की गाई सरळ तोंडावर येतात. मात्र तुमच्या नि रस्त्याच्या मध्ये भिंत किंवा कुंपण पाहिजे. आतल्या बाजूनं जनावर वळण कापतं, तिथं चेंगराल.

गाईचे डोळे बाजूला असतात, तिला ठीक मागचं तेवढं दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नका. लाथ नुसती मागं बसत नाही, आडवीही बसते. घंटांचा आवाज कळपाआधी पोचतो, तेव्हाच कॅमेरा डोळ्याला लावा. खाली बसून, शिंगांच्या उंचीवरून घ्या. रस्ता शेणानं भरतो, गुडघ्याखाली टाकायला खताची रिकामी चुंगडी न्या, हसू नका.

उत्तर (झूल_बाशिंग)
५५-२५० लावा. शटर १/५०० सेकंद, कारण चालताना गाय मान हलवते आणि १/२०० ला डोळा पुसट येतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) ५.६, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) ऑटो, कमाल ३२००. फोकस सतत चालणारा, बिंदू एकच आणि तो डोळ्यावर. आपल्याकडे कॅमेरा बाशिंगावर फोकस धरतो, तिथं डोक्यावरच्या फुलांवर धरेल, चूक तीच.

एक्स्पोजर (फोटोचा उजेड) मात्र जपा. मागं सूचिपर्णीचं काळं जंगल असलं की कॅमेरा सगळंच उजळ करतो नि पांढऱ्या ठिपक्यांची गाय चुन्यासारखी पांढरीफेक होते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ ठेवा, म्हणजे फोटो थोडा गडद येतो; रॉ मध्ये (नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) घ्या. दरीत सकाळी एका उताराला ऊन नि दुसऱ्याला सावली असते. ऊन आधी कुठं पडतं ते आदल्या दिवशी पाहून ठेवा. फ्लॅश नको, जनावर बिचकतं.

पोळा तुमच्या जाण्याआधी येतो. पोळा फुटल्यावर बैल निघतात तेव्हा हेच सेटिंग करून पाहा.

उत्तर (आर्वीकर)
१८-५५ घरीच ठेवू का?

उत्तर (झूल_बाशिंग)
नको जी. गाई थांबल्या की गळ्यातली मोठी घंटा, तिचा चामडी पट्टा, फुलांचा मुकुट हे जवळून घ्यायला तीच लागेल. गर्दीत मात्र लेन्स बदलू नका, धूळ आत जाते.

उत्तर (पांदणवाट)
गुराखी निळ्या, फुगीर बाह्यांच्या जॅकेटमध्ये असतात, त्याला ब्रेदझों म्हणतात. दुरून कळपासोबतचा फोटो वेगळा, पण चेहरा जवळून घ्यायचा तर विचारून घ्या. लेकरांच्या बाबतीत आई-बापाला विचारा. फ्रेंच भाग आहे, कॅमेरा दाखवून «फोतो, सिल वू प्ले?» एवढं पुरतं.

ड्रोनचा नाद सोडा. २०२३ पासून तिथं कॅमेऱ्याच्या ड्रोनलाही ऑपरेटरची नोंदणी लागते, गर्दीवरून उडवता येत नाही, शिवाय गाई उधळतील.

शेजारच्या ऑस्ट्रियातल्या तिरोलला गेलात तर बिनफुलांचा कळपही दिसू शकतो. उन्हाळ्यात एखादं जनावर दगावलं असलं तर तिथं सजवत नाहीत. कौतुकानं कॅमेरा रोखू नका, वाटल्यास विचारून घ्या.

सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाहीत. चार्जरचा बारीक दोन पिनांचा प्लग तिथं बसतो, आपला तीन पिनांचा नाही.