७ फूट ४ इंच ३ सूत म्हणजे नक्की किती एमएम?

नवघरकर:
लोकहो जरा घाईत आहे. वॉर्डरोबचे शटर कारखान्यातून करून घेतोय आणि त्यांना उंची एमएममध्येच पाहिजे. आमच्या मिस्त्रींनी प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलने ७-४-३ एवढंच लिहून ठेवलंय आणि स्वतः गेले गावाला, फोन लागत नाही. मी ७.४३ गुणिले ३०४.८ केलं तर २२६५ आलं. बायको म्हणते एवढी उंची नाहीच्चे. कोणाचं बरोबर?

रंधा:
वहिनींचं. अहो ते पॉइंटमधलं नाहीये, ७ फूट ४ इंच ३ सूत आहे ते. फुटाचे १२ इंच, इंचाचे ८ सूत, मधे पॉइंट टाकला की गंडलात. आधी सगळ्याचे इंच करा, ७ गुणिले १२ म्हणजे ८४ आणि वरचे ४ झाले ८८, ३ सूत म्हणजे ३ भागिले ८ = ०.३७५. आता ८८.३७५ गुणिले २५.४ = २२४४.७, २२४५ धरा. तुमचं शटर २० एमएम उंच आलं असतं, मग बसा कापत, आणि कापलं की कडेची पट्टी गेली.

साईटवाला:
सुताचं एक सांगतो, आमच्याकडे १० एमएमची सळई ३ सूत, १२ ची ४ सूत, १६ ची ५ सूत. हिशोबाने ४ सूत १२.७ होतात, पण ते नुसतं बोलायचं नाव आहे, फर्निचरला लावू नका.

नवघरकर:
अच्छा म्हणून १८ एमएम प्लायला मिस्त्री ६ सूत म्हणत होते!

रंधा:
हो, खरे ६ सूत म्हणजे १९.०५. पण मुख्य प्रश्न वेगळाच आहे, ७-४-३ हे ओपनिंगचं माप की शटरचं? ओपनिंगचं असेल तर गॅप वजा करावा लागेल. त्यापेक्षा टेपच्या एमएमच्या बाजूने तीन ठिकाणी परत मोजा. टेपच्या तोंडाची पत्री हलते ती खराब नसते हां, तिच्या जाडीइतकी मुद्दाम ढिली ठेवलेली असते, आतलं माप घेताना दाबायची, बाहेरचं घेताना ओढायची.

नवघरकर:
मोजलं. ओपनिंगचंच निघालं. डावीकडे २२४५, मधे २२४३, उजवीकडे २२४१, फरशीच तिरकी आहे बहुतेक. २२४१ धरून गॅप कारखान्यालाच विचारतो. म्हणजे बायको विचारतेय, टेप आता तिच्याकडे आहे.