बाबांचे आकडे घरूनच हॉस्पिटलला जाणार म्हणतात, याचा खरंच उपयोग होतो का?

नीलपक्षी
बाबा 74 वर्षांचे, हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय रक्त नीट पंप करू शकत नाही. आठ महिन्यांत दोनदा अ‍ॅडमिट करावं लागलं, दोन्ही वेळेला तेच, पाय सुजलेले आणि रात्री आडवं पडलं की दम. या वेळी डिस्चार्ज देताना हॉस्पिटलने एक किट दिलंय, ब्लूटूथचा वजनकाटा, बीपी मशीन, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं ऑक्सिमीटर आणि एक टॅब. रोज सकाळी मोजायचं, आकडे आपोआप त्यांच्याकडे जातात म्हणे. मी दुसऱ्या शहरात असते, घरी आई-बाबा दोघंच आणि हृदयाचे डॉक्टर तीन तासांवर, त्यामुळे ऐकून आधी हायसं वाटलं, पण घरी आल्यावर डोक्यात आलं की प्रत्यक्ष तपासणं टाळायला तर हे देत नाहीयेत ना? नुसते आकडे पाठवून माणसाला काय फरक पडणार? त्यात बाबा टॅबला हात लावायला घाबरतात. कुणी वापरलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

सिस्टर_रात्रपाळी
ताई, मी अशाच एका टीममध्ये नर्स आहे, रोज सकाळी पेशंटचे आकडे बघणं हेच माझं काम. सगळ्यात महत्त्वाचा वजनकाटा. हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी साठायला लागतं ते दम लागायच्या बरंच आधी, बाहेरून काही दिसत नाही, पेशंट म्हणतो मी ठीक आहे, पण काटा हळूहळू वर जात असतो. तीन दिवसांत 2 किलोच्या वर वजन वाढलं की आम्ही लगेच फोन करतो, पायावर सूज आहे का, झोपताना उशा किती लागतात, गोळी चुकली का विचारतो, डॉक्टर लघवीची गोळी बदलून देतात आणि बऱ्याचदा अ‍ॅडमिट करायची वेळच येत नाही. तुमच्या बाबांना दोन्ही वेळेला जे झालं ते असं आधी पकडता आलं असतं का हे मी इथून सांगू शकत नाही, पण काटा असतो तो याचसाठी.

वजन सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, कडक फरशीवर काटा ठेवून. आणि त्या काट्यावर दुसऱ्या कुणी उभं राहायचं नाही हो! एकदा एका आजोबांचं वजन रात्रीत 40 किलो कमी झालेलं दिसलं, मी घाबरून फोन केला तर नातू उभा राहिला होता.

बीपी घेताना आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. घरच्या मशीनवर 135/85 च्या वर सतत येत असेल तर ते जास्तच धरतात, क्लिनिकसारखं 140/90 नाही.

आकडेमोड
तुमची शंका रास्त आहे, कारण यावर दोन मोठे अभ्यास झालेत आणि दोघांची उत्तरं उलटी आहेत. 2010 मध्ये अमेरिकेतला, 1653 पेशंट, रोज फोन करून मशीनच्या प्रश्नांना बटणं दाबून उत्तरं द्यायची. काहीही फायदा दिसला नाही. 14 टक्के लोकांनी तर ते एकदाही वापरलं नाही, आणि शेवटच्या आठवड्यात आठवड्याला तीनदा तरी वापरणारे 55 टक्केच उरले होते. मग 2018 मध्ये जर्मनीतला, साधारण दीड हजार पेशंट, वजन, बीपी, ईसीजी आणि ऑक्सिजन घरून जायचं आणि पलीकडे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स बसलेले. तिथे हॉस्पिटलमध्ये गेलेले दिवस कमी झाले आणि मृत्यूही कमी झाले.

पेशंट वेगळे, वर्षं वेगळी, त्यामुळे सगळं श्रेय एकाच गोष्टीला देता येत नाही, पण माझ्या मते खरा फरक पलीकडच्या माणसांनी पाडला. म्हणून हॉस्पिटलला एकच विचारा, आकडे कोण बघतं, कधी बघतं, आणि गोळी बदलायचा अधिकार त्याला आहे का. नुसतंच साठवून ठेवत असतील तर ते रेकॉर्ड झालं, उपचार नाही झाले.

बाकी ही कल्पना नवीन अजिबात नाही. ईसीजीचं यंत्र बनवणाऱ्या आइंटहोव्हेनने 1905 मध्येच नेदरलँड्समधल्या लायडनला हॉस्पिटलमधल्या पेशंटचा ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर लांबच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता. मला हे वाचून फार भारी वाटलं होतं.

मोकळावेळ
आईला पेसमेकर आहे, पलंगाशेजारी एक डबी असते, ती रात्री झोपेत माहिती पाठवते, आईला काही म्हणजे काही करावं लागत नाही. दर थोड्या महिन्यांनी नुसतं तपासायला जायचा प्रवास वाचला, तिच्या गुडघ्यांना ते फार मोठं आहे. पण एक सांगते, आमचा मोठा गैरसमज होता की काही झालं तर ते लगेच अँब्युलन्स पाठवतील. तसं नसतं! छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलं तर डबीची वाट न बघता इमर्जन्सी नंबरच लावायचा. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं, मी स्वतः विचारलं तेव्हा कळलं.

सिस्टर_रात्रपाळी
+1, हे प्रत्येक घरात सांगायलाच हवं. आणि ऑक्सिमीटरचं राहिलं, हात गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो, आणि सावळ्या-काळ्या त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्त दाखवायची शक्यता असते, 2020 मध्ये यावर बरंच लिहून आलं. आकडा 95 आणि माणूस धापा टाकतोय तर माणसाचं ऐका.

नीलपक्षी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल फोन करून विचारलं. नर्स सोमवार ते शनिवार सकाळी नऊ ते पाच बघतात, गोळीचा डोस त्यांचे डॉक्टर फोनवर बदलतात, आणि दर तीन महिन्यांची प्रत्यक्ष तपासणी आहे तशीच राहणार. रात्री आणि रविवारी मात्र कुणी बघत नाही, म्हणून आईने मोठ्या अक्षरात इमर्जन्सी नंबर लिहून टॅबच्या वर चिकटवलाय. टॅबला हात लावायची गरजच नाही असं कळलं, काट्यावर उभं राहिलं की आकडा आपोआप जातो, हे ऐकून बाबा मोकळे झाले. आज सकाळी आईने फोन करायच्या आधी त्यांनीच मला फोन करून वजन सांगितलं, 68.4.