अनुभव धागा : कॉलेजचं मैदान आणि तुम्ही (गोवा)

मंडळी, मी फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं वर येऊन कठड्याला धरून धापा टाकतात, हे दर जूनमध्ये बघतो आणि जीव तुटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) पदवी अभ्यासक्रमांसाठीच्या २०२२ च्या आराखड्यात आरोग्य, योग, खेळ, तंदुरुस्ती हे मूल्यवर्धित अभ्यासक्रमांत आले, याचा आनंद आहे. पण आमचं मैदान अजून संघात निवडलेल्या पंधरा-वीस जणांचंच. बाकीचे गॅलरीतून बघतात. तुमचं मैदानाशी नातं जुळलं का? तुटलं असेल तर कशामुळे? सविस्तर लिहा.

डिचोलीहून
आमचं मैदान जांभ्याच्या तांबड्या मातीचं. पडलं की गुडघ्यात खडे रुतायचे आणि मोजे कितीही धुतले तरी तांबडेच राहायचे. फेरी जेमतेम २०० मीटरची, म्हणून ८०० मीटर म्हणजे चार फेऱ्या, एवढंच मला ठाऊक. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बांबोळीला गेलो तेव्हा ४०० मीटरच्या सिंथेटिक ट्रॅकवर पहिल्यांदा पाय ठेवला. सहावी लेन मिळाली. ८०० मध्ये पहिलं वळण संपलं की लेन सोडून आत यायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी दोन्ही फेऱ्या सहाव्या लेनमधूनच पळालो, म्हणजे पन्नासेक मीटर जास्त. शेवटून दुसरा आलो. कॉलेजात त्या वर्षी क्रीडाशिक्षकच नव्हते, सोबत ऑफिसातले काका आले होते. त्यांनी पाठीवर हात ठेवला, पाणी दिलं. त्यांना तरी नियम कुठून माहीत असणार! प्रयोगशाळेत शिक्षक नसताना कुणी ॲसिड हातात देतं का? मग मैदानावर मुलांना असं का सोडतात?

सत्तरी तालुक्यातून
खो-खोचा सराव साडेचारला आणि वाळपईची कदंब बस सव्वापाचला. ती चुकली की पुढची अंधार पडल्यावर, आणि थांब्यापासून घरापर्यंत काजूच्या बागायतीतून वाट. आई म्हणायची, "खेळ गो, पण उजेड असताना घरी ये." दोन महिन्यांत मी संघ सोडला. बाईंनी कारण विचारलं आणि सराव सकाळी साडेसातला आणला. आम्ही पाच जणी परतलो. खांबावर सूर मारताना माझी हनुवटी फुटली, तीन टाके पडले. तो व्रण अजून आहे आणि मला तो आवडतो.

मडगावहून
वजन ९४ किलो, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. सरांनी हातात स्टॉपवॉच देऊन इतरांच्या वेळा घ्यायला लावलं. आठवड्याभराने म्हणाले, "आता तुझीही घे." एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल. वर्ष संपताना तीन किलोमीटर न थांबता पळत होतो. आज पंचेचाळिशीत मधुमेहाची गोळी नाही, त्यात त्या सरांचा वाटा मोठा आहे.

पेडण्याहून
पावसाचं कुणीच लिहिलं नाही. आमचं मैदान जूनपासून तळं. चतुर्थीनंतर ते वाळू लागतं, तेवढ्यात सत्र परीक्षा येते! आम्ही व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या मारायचो.

धागाकर्ता
सत्तरीच्या ताई, तुमचा अनुभव मी प्राचार्यांना वाचून दाखवला. शनिवारी पुढच्या सत्राच्या वेळापत्रकाची बैठक आहे. फोंड्याहून वाळपई, साखळी, केपे आणि काणकोणकडे जाणाऱ्यांनी संध्याकाळच्या शेवटच्या बसची वेळ इथे लिहा. ती यादी घेऊनच मी बैठकीला बसणार आहे.